‘ती पट्टी काढून टाका’ म्हणणाऱ्या शेठ-साहेबांना खुलं पत्र

प्रति,
अंबड, सातपूर आणि सिन्नर पट्ट्यातले कारखानदार, नाशकातल्या पतसंस्थांचे व्यवस्थापक, लॉज-हॉटेलांचे मालक आणि ज्यांच्या टेबलावरून ‘आयटीचं तेवढं बघून घ्या’ असा निरोप निघतो ते सर्वजण

स.न.वि.वि.

‘ब्राउझरच्या उजव्या हाताला ती चिन्हांची पट्टी आलीये ना, ती सगळ्या मशिनवरून काढून टाका.’ हा फोन हल्ली मला वरचेवर येतो. फोन करणारा कधी एचआरचा असतो, कधी अकाउंट्सचा, क्वचित खुद्द शेठ. ऑडिटला आलेल्या कस्टमरच्या माणसाने स्क्रीनकडे बोट दाखवून ‘हे काय आहे?’ असं विचारलेलं असतं, नाहीतर कुणीतरी कामाच्या वेळात त्या पट्टीतला गेम खेळताना सापडलेलं असतं. मी काढून टाकतो. मायक्रोसॉफ्ट एजमध्ये त्यासाठी ‘हब्ज साइडबार एनेबल्ड’ नावाची एक पॉलिसी, म्हणजे ब्राउझरवर सक्तीने लावता येणारी सेटिंग, आहे. तिच्यापुढे शून्य लिहिलं, ब्राउझर बंद करून उघडला की पट्टी गायब. चहा येईपर्यंत एका मशिनचं काम होतं.

पट्टी काढणं माझं काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती कुणाच्या मशिनवरून काढायची, कुणाच्या मशिनवर ठेवायची, ठेवली तर तिच्यात काय चालेल आणि काय नाही, हे ठरवायचं तुम्ही आहे. ते तुम्ही ठरवलेलं नाही आणि न ठरवताच मला फोन केला आहे. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) बिलात निर्णय घेण्याचे पैसे धरलेले नसतात.

ज्यांनी ही पट्टी नीट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आत्ताचा एज जानेवारी २०२० मध्ये आला. विंडोजबरोबर तो आपोआप येतो, त्यामुळे तुमच्याकडे कुणी निवडलेला नसतानाही प्रत्येक मशिनवर आहे. त्याच्या साइडबारमध्ये दोन तऱ्हेची चिन्हं दिसत आली आहेत. एक, मायक्रोसॉफ्टने स्वतः दिलेली: शोध, खरेदी, कॅल्क्युलेटर आणि युनिट बदलायची टूल्स, गेम, आउटलुक वगैरे. ही चिन्हं आवृत्तीगणिक येतात, जातात, नावं बदलतात. दुसरी, वापरणाऱ्याने अधिकच्या खुणेवर क्लिक करून स्वतः लावलेली: व्हॉट्सॲप वेब, चॅटजीपीटी, क्रिकेटचा स्कोअर, काहीही. २०२३ च्या फेब्रुवारीपासून याच जागेत एआयचा चॅट आला, आणि तेव्हापासून ही पट्टी नुसती शोभेची राहिली नाही. समोर उघडलेलं पान वाचून त्यावर उत्तर देणारा मदतनीस तिथे बसला.

‘मग एज बंद करा, सगळ्यांना क्रोम द्या,’ असं एका साहेबांनी मला सुचवलं. क्रोममध्येही साइड पॅनल आहे, आणि २०२३ मधल्या ११४ व्या आवृत्तीपासून कुठलंही एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) त्या पॅनलमध्ये आपलं दुकान थाटू शकतं. फायरफॉक्सने मार्च २०२५ मध्ये १३६ व्या आवृत्तीत नवा साइडबार आणला, त्यात एआय चॅटबॉट निवडायची सोय आहे. ऑपेरात तर व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामची बटणं कितीतरी वर्षांपासून आहेत. ब्राउझर बदलून हा प्रश्न सुटत नाही.

आता एक प्रसंग सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, विभाग मात्र लिहितो, कारण मुद्दा तिथेच आहे. क्वालिटी. तिथला एक डिप्लोमा झालेला मुलगा, कामाला चोख. नवा पार्ट आला की कस्टमरच्या ड्रॉइंगचं बलूनिंग करायचं काम त्याच्याकडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला गोल करून नंबर द्यायचा, मग तो नंबर, माप, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि मोजायचं साधन अशी एक्सेलमध्ये एकेक ओळ भरायची. मोठं ड्रॉइंग असेल तर अर्धी शिफ्ट यात जाते आणि डोळ्यांचं पाणी होतं. ड्रॉइंग पीडीएफ, पीडीएफ उघडतं एजमध्ये, आणि एजच्या कोपऱ्यात कोपायलट, म्हणजे तोच एआय मदतनीस. त्याने विचारलं, ‘यातली सगळी मापं टॉलरन्ससकट टेबलमध्ये दे.’ टेबल आलं. एक टॉलरन्स चुकीचा वाचला होता, तो या मुलानेच पकडला. बाकीचं काम जेवणाच्या सुट्टीआधी संपलं.

त्या ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या चौकटीत कस्टमरचा लोगो होता आणि त्याखाली बारीक अक्षरात, लेखी परवानगीशिवाय नक्कल करू नये, तिसऱ्याला देऊ नये, अशी सूचना होती. एजमध्ये तो स्वतःच्या खासगी खात्याने साइन-इन होता, कारण कंपनीने त्याला कंपनीचं खातं दिलेलंच नव्हतं. कंपनीचा ईमेलसुद्धा फुकटच्या जीमेलवर चालतो. म्हणजे कंपनीने कस्टमरशी केलेल्या गोपनीयतेच्या कराराखालचा कागद, एका कामगाराच्या खासगी खात्यातून, कंपनीचा कुठलाही करार नसलेल्या सेवेकडे गेला. याला चोरी म्हणाल? मी म्हणणार नाही. त्याला कुणीही, कधीही, असं करू नको म्हणून सांगितलं नव्हतं.

याच कंपनीच्या गेटवर वॉचमन माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवतो. पेनड्राइव्ह आहे का विचारतो, असेल तर रजिस्टरला नोंद. आतल्या मशिनचे यूएसबी पोर्ट मीच पॉलिसीने बंद केलेले आहेत. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात ते हेच. एजच्या पट्टीत ‘ड्रॉप’ नावाची सोय आली तेव्हा तर मला हसूच आलं: फाइल ओढून तिथे टाकायची, ती वनड्राइव्हमधून घरच्या मोबाइलवर हजर. पेनड्राइव्ह बंद करून आपण नेमकं काय मिळवलं होतं?

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजू नका. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि त्या मे महिन्यात कंपनीने आपल्या मशिनवर अशा सेवांना बंदी घातली. आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या साधनांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी एआय टूल्स टाळायला सांगितलं. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. ती बंदी वरून आली, लेखी आली, कारणासकट आली. सर्व्हर खोलीतून कुणी गुपचूप बटण दाबलं नाही.

आता तुमच्या एका ओळीच्या बंदीचं काय होतं ते सांगतो, कारण ते मी रोज बघतो.

पट्टी गेली की पट्टीतलं व्हॉट्सॲप जातं. नाशकात डिस्पॅच व्हॉट्सॲपवर चालतो हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन, बिल्टीचा फोटो, ई-वे बिलाची कॉपी, सगळं तिथेच. डिस्पॅचच्या माणसाने पट्टीत व्हॉट्सॲप लावलं होतं ते ईआरपीची, म्हणजे कंपनीच्या ऑर्डर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरची, खिडकी न सोडता ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलता यावं म्हणून. पट्टी काढली. त्याने दुसऱ्या टॅबमध्ये उघडलं. टॅबमध्येही अडवलं तर तो खिशातून मोबाइल काढतो, स्क्रीनचा फोटो मारतो आणि पाठवतो. आता त्या फोटोत ईआरपीचं आख्खं पान आहे, शेजारच्या तीन कस्टमरच्या दरांसकट. पूर्वी निदान ते कंपनीच्या मशिनवरून जात होतं.

इथे एक तांत्रिक बारकावा आहे, तो निर्णय घेणाऱ्याला माहीत हवा. साइडबारसाठी असलेली यादी साइडबारपुरतीच असते. एखादी साइट साइडबारमध्ये उघडू नये असं सांगणारी पॉलिसी वेगळी, आणि ती साइट ब्राउझरमध्ये कुठेच उघडू नये असं सांगणारी पॉलिसी वेगळी. फक्त पहिली लावली तर शेजारच्या टॅबमध्ये तेच पान आरामात उघडतं. तसंच मायक्रोसॉफ्टने दिलेली चिन्हं आणि लोकांनी लावलेल्या साइट यांचा बंदोबस्त निरनिराळा आहे. मायक्रोसॉफ्टच्या प्रत्येक साइडबार ॲपला आतून एक्स्टेन्शनसारखा बत्तीस अक्षरांचा ओळख-क्रमांक असतो; एजच्या ‘साइडबार इंटर्नल्स’ या अंतर्गत पानावर तो सापडतो, आणि तो एक्स्टेन्शनच्या बंदी-यादीत टाकला की तेवढंच चिन्ह जातं, बाकीची राहतात. म्हणजे गेम आणि खरेदी काढून कॅल्क्युलेटर ठेवता येतो. बंदी-यादीत नुसता तारा टाकला तर सगळीच एक्स्टेन्शन बंद, मग अकाउंट्समधून फोन येतो की पासवर्ड मॅनेजर चालत नाही. हव्या त्या साइटना परवानगी देणारी यादी आहे, काही ॲप जबरदस्तीने दाखवणारी यादी आहे, लोकांना स्वतःची चिन्हं लावूच द्यायची नाहीत अशीही पॉलिसी आहे. कोपायलटने समोरचं पान वाचावं की नाही, याचं कलम पुन्हा निराळं. आणि ऑफिसच्या खात्याने एज वापरणाऱ्यांसाठी कोपायलट चॅटच्या बटणाला पुढे स्वतंत्र पॉलिसी दिली गेली, त्यामुळे जुनी एक ओळ टाकून निश्चिंत बसलेल्यांच्या स्क्रीनवर तेच बटण दुसऱ्या कोपऱ्यातून परत दिसू शकतं.

सांगायचं काय, की ही सगळी कुलपं उपलब्ध आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. कोणत्या खोलीला कोणतं लावायचं, एवढंच कुणी सांगत नाही.

बरं, कुलूप लावलं तरी किल्ली कुठे आहे? तुमच्याकडच्या बहुतेक मशिनवर वापरणारा स्वतःच ॲडमिनिस्ट्रेटर असतो. ‘टॅलीचं अपडेट आलं की सारखं तुम्हाला बोलवावं लागतं,’ म्हणून तुम्हीच तसं करायला लावलेलं असतं. ब्राउझरच्या पॉलिसी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या साठ्यात, बसतात. ज्याच्याकडे ॲडमिनचे हक्क आहेत तो रजिस्ट्री उघडून ती ओळ पुसू शकतो, आणि हे कसं करायचं ते यूट्यूबवर हिंदीत, मराठीत, पाहिजे त्या भाषेत आहे. तेव्हा पॉलिसी हवी असेल तर आधी लोकांची रोजची खाती साधी करा. टॅलीच्या अपडेटला मी येईन, नाहीतर लांबून जोडून करून देईन, त्याचं वेगळं बिल लावणार नाही. हे लेखी समजा.

दुसरी अडचण तुमच्या खरेदीतली. एम.जी. रोडवरून लॅपटॉप आणताना थोडे पैसे वाचवायला विंडोज होम घेतलेलं असतं. होममध्ये पॉलिसी लावायचा ग्रुप पॉलिसी एडिटर नसतो, ते मशिन डोमेनला, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती व्यवस्थेला, जोडता येत नाही. मग मला प्रत्येक मशिनवर जाऊन हाताने रजिस्ट्रीत भरावं लागतं, आणि नवा लॅपटॉप आला की कुणी सांगत नाही, तो उघडाच राहतो. पुढची खरेदी प्रोची करा. ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ ची बिझनेस प्रीमियम योजना आहे त्यांनी तर इंट्यूनचे पैसे आधीच भरलेले आहेत. तिथून सगळ्या मशिनना एकदम पॉलिसी जाते, आणि ते बंद पडून आहे. माझ्या माहितीतल्या दोन-तीन जागी तर ते आपल्याकडे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

तिसरी गोष्ट, क्रोम ॲडमिनच्या हक्कांशिवायही वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतो. एज चोख आवळला आणि बाकी ब्राउझरांकडे पाहिलंच नाही, तर मंडळी शांतपणे तिकडे सरकतात. कोणता ब्राउझर चालेल तेही तुम्हीच ठरवा. एक किंवा दोन. बाकी मी अडवतो.

एक्स्टेन्शनबद्दल मात्र मी तुमच्यापेक्षा कडक आहे, हे आधीच सांगतो. साइडबारमधल्या साइटपेक्षा मला साइड पॅनलमध्ये बसणाऱ्या एक्स्टेन्शनची धास्ती जास्त आहे. बसवताना ते विचारतं: ‘सर्व वेबसाइटवरची तुमची माहिती वाचणे आणि बदलणे’, आणि आपण हो म्हणतो. सर्व म्हणजे बँकेचं पान, जीएसटीचं पोर्टल, कस्टमरचं व्हेंडर पोर्टल, सगळं. डिसेंबर २०२४ च्या नाताळात सायबरहेवन या कंपनीचं क्रोम एक्स्टेन्शन हल्लेखोरांच्या हाती गेलं आणि वापरणाऱ्यांना त्याचं विषारी अपडेट आपोआप पोचलं. सायबरहेवनचा धंदाच माहितीची गळती रोखण्याचा आहे. एका कर्मचाऱ्याला फसवा ईमेल आला, त्याने परवानगी दिली, झालं. त्यांची ही गत, तर ‘पीडीएफचं फुकट भाषांतर’ असं नाव असलेल्या कुणाच्यातरी एक्स्टेन्शनवर मी काय भरवसा ठेवू? म्हणून एक्स्टेन्शनच्या बाबतीत सगळं बंद आणि लेखी मागणीवर एकेक उघडं, हेच मी सुचवेन. यावर वाद घालायचा असेल तर या, चहा माझ्याकडून.

पतसंस्थांच्या व्यवस्थापकांना आणि लॉजवाल्यांना वाटत असेल की हे कारखान्यांचं लचांड आहे, आपल्याकडे कुठली ड्रॉइंग. तुमच्याकडे त्याहून नाजूक माल आहे: लोकांचे आधार, पॅन, फोटो, सह्या. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. म्हणजे २०२७ चा मे. त्याच वर्षी सिंहस्थ. पंचवटीतल्या आणि त्र्यंबकच्या प्रत्येक लॉजच्या काउंटरवर आधारच्या स्कॅनचा ढीग पडणार, आणि काउंटरवरचा पोरगा नाव-पत्ता टाइप करायचा कंटाळा आला की तो स्कॅन बाजूच्या पट्टीतल्या मदतनीसाला वाचायला देणार. का देऊ नये त्याने? सोपं आहे. कायद्यात माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुमच्या लॉजला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही, तेवढी भीती घालायचा माझा धंदा नाही. पण ‘आम्ही काय काळजी घेतली’ याचं उत्तर तोंडी देऊन चालणार नाही एवढं नक्की.

काय ठरवायचं, ते आता माझ्या बाजूने सांगतो. यावरून तुमची भांडणं झाली तरी चालतील.

आधी मशिनची विभागणी करा, माणसांची नव्हे. ज्या मशिनवर कस्टमरची ड्रॉइंग, दर, सभासदांची केवायसी किंवा पाहुण्यांचे आधार उघडतात, तिथे साइडबार पूर्ण बंद, कोपायलटला पान वाचायला मनाई, आणि एआयच्या खासगी सेवा टॅबमध्येही बंद. तिथे मी आडपडदा ठेवणार नाही. सीएमएमला (मापं तपासणाऱ्या यंत्राला) जोडलेलं मशिन, डीएनसीने सीएनसी यंत्रांना प्रोग्राम पाठवणारं मशिन, त्यांना तर बाहेरचं इंटरनेटच कशाला हवं? बाकी ऑफिसला मात्र मोकळीक द्या. कॅल्क्युलेटर राहू द्या. जर्मन कस्टमरचं पत्र भाषांतर करायला काहीतरी लागतंच, तर ते कुठे करायचं हे सांगा. डिस्पॅचला व्हॉट्सॲप द्या, पण कंपनीच्या नंबरवरचं. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या खासगी नंबरबरोबर तुमचे सगळे ट्रान्सपोर्टवाले जातात, हे तुम्ही अनुभवलेलं आहे.

आणि क्वालिटीतल्या त्या मुलाला साधन द्या. हा मुद्दा मी सोडणार नाही. त्याची अर्धी शिफ्ट वाचत होती, ती तुमचीच होती. कंपनीच्या नावाचं खातं काढा, कामाच्या खात्याने साइन-इन केल्यावर माहितीच्या वापराच्या अटी खासगी खात्यापेक्षा वेगळ्या असतात, त्या वाचा किंवा मला वाचून दाखवायला सांगा. मग कस्टमरला विचारा: तुमचं ड्रॉइंग अशा खात्यातल्या टूलमध्ये टाकलं तर चालेल का? कस्टमर बहुधा नाही म्हणेल. मग नाही. पण ते ‘नाही’ तुमच्या फाइलला लागेल, आणि त्या मुलाला बलूनिंगचं कंपनीच्याच मशिनवर चालणारं सॉफ्टवेअर घेऊन देता येईल का याचा विचार तरी सुरू होईल. आज तो पुन्हा पेन्सिलीने गोल काढतो आहे आणि त्याला वाटतं आहे की त्याने गुन्हा केला.

ठरवलेलं मराठीत लिहा. एक पान पुरे. कायद्याच्या भाषेत नको. मशिनवर बसणाऱ्याला कळेल असं, काय चालतं, काय चालत नाही, का नाही, आणि अडलं तर कुणाला विचारायचं. त्या शेवटच्या जागी माझं नाव घालू नका. तुमच्या कंपनीतल्या एका माणसाचं घाला, ज्याला हो किंवा नाही म्हणायचा अधिकार आहे आणि जो त्याच दिवशी उत्तर देतो. उत्तराला आठवडा लागला की लोक वाट बघत नाहीत, मोबाइल काढतात. आणि कृपा करून याच्या जोडीला सगळ्यांच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर मागू नका. साइट अडवणं वेगळं, माणसावर पाळत ठेवणं वेगळं. दुसरं काम मी घेत नाही.

मी काय करीन तेही त्या पानावर लिहा, म्हणजे मला धरता येईल. एजच्या ॲड्रेस बारमध्ये एज, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं इंग्रजीत टाइप केलं की त्या मशिनवर लागू असलेल्या सगळ्या पॉलिसींची यादी दिसते, कुठली ठीक बसली आणि कुठल्यात चूक आहे यासकट. ते पान कुणीही उघडू शकतं, त्याला ॲडमिन लागत नाही. एजची नवी आवृत्ती साधारण चार आठवड्यांनी येते. तेवढ्याच अंतराने मी तुमच्या प्रत्येक मशिनवरच्या त्या पानाची प्रत काढून रिपोर्टला जोडीन. तुम्ही रिपोर्ट न वाचता सही करता हे मला ठाऊक आहे. या वेळी वाचा. ज्या मशिनवर यादी रिकामी आहे ते कुणाचं, असं विचारा.

निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनाही याच पत्रातून विनंती आहे. छोट्या युनिटला स्वतःचा आयटी माणूस परवडत नाही, त्याच्याकडे माझ्यासारखे फिरस्ते येतात आणि प्रत्येक जण आपापल्या समजुतीने कुलपं लावतो. एका मोठ्या कस्टमरचे दहा व्हेंडर असतात, दहा ठिकाणी दहा तऱ्हा. तुम्ही एक नमुना-पान तयार करून सभासदांना द्या, पॉलिसींच्या नावांसकट. मोठ्या कंपन्यांच्या आयटी विभागांनी व्हेंडर ऑडिटला येऊन स्क्रीनकडे नुसतं बोट दाखवण्यापेक्षा त्यांना नेमकं काय हवं आहे ते या पानासाठी आधीच लिहून द्यावं. आमच्यापैकी चार-सहा जण त्याचं तांत्रिक काम विनामूल्य करायला तयार आहेत, मी त्यातला एक.

तोपर्यंत, ज्यांचा ‘काढून टाका’ असा फोन येऊन गेला आहे त्यांच्याकडे मी येत्या फेरीत येतो आहे. येण्याआधी मला एवढंच कळवा: ड्रॉइंग, दर आणि केवायसी कुठल्या मशिनवर उघडतात, आणि त्या पानावर हो-नाही म्हणणारा माणूस कोण. मशिनच्या मागे चिकटवलेला ॲसेट नंबर चालेल, मॉडेल-बिडेल नको. ज्यांची यादी येणार नाही त्यांच्याकडे मी एक्स्टेन्शन बंद करीन, पट्टीला हात लावणार नाही.

कळावे,
आपला,
अंबड-सातपूर पट्ट्यात कॉम्प्युटरची देखभाल करणारा एक आयटीवाला
नाशिक